चिपाडाची वीज, उन्हाचे पाणी

दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांची धुराडी पेटली, की बारामती-इंदापूरकडच्या माणसाला ऊसतोड, वजनकाटा आणि पहिला हप्ता एवढेच आठवते. त्या धुराड्याखाली आपल्याच उसाची वीजही तयार होत असते, ही गोष्ट घरात फारशी बोलली जात नाही. ती बोलली पाहिजे, कारण तिच्यात आपला पैसा आहे.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना यातले निम्मे सांगायलाच नको. चरकातून निघालेले चिपाड वाळवायचे आणि तेच काहिलीखाली चुलवाणात घालायचे. कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर चालते. एक टन ऊस गाळला की पाव टनाहून थोडे अधिक चिपाड पडते. ते बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात, वाफेवर जनित्र फिरते आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेवर रस आटतो. पूर्वीचे बॉयलर कमी दाबाचे. चिपाड साठवावे तर जागा नाही आणि आगीची भीती, त्यामुळे ते कसेबसे जाळून संपवण्याकडेच कल असे. पुढे जास्त दाबाचे बॉयलर आले आणि तेवढ्याच चिपाडात कारखान्याची गरज भागून वीज शिल्लक राहू लागली. ही वीज महावितरणला विकतात. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

आता आपल्या भाषेत हिशेब मांडू. चांगल्या नव्या यंत्रसामग्रीवर टनामागे शंभराच्या आसपास युनिटे वीज होते. एकरी चाळीस टन ऊस धरला, तर चार हजार युनिटे झाली. कारखान्याचा स्वतःचा खर्च वजा जाता अडीच हजार तरी उरावीत. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे चार युनिटे खाते. म्हणजे तुमच्या एका एकराच्या चिपाडावर अशी मोटार सहाशे तासांहून अधिक चालेल!

या विजेचे पैसे कुणाचे? २०१३ च्या राज्याच्या कायद्याने साखर आणि चिपाड, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के हिस्सा ऊस उत्पादकाचा ठरवला आहे. खोच अशी, की त्या यादीत चिपाड आहे, चिपाडाची वीज नाही. तेव्हा कारखान्याने स्वतःच जाळलेले चिपाड कोणत्या भावाने हिशेबात धरले, यावर बरेच अवलंबून. वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो आणि बहुधा फळीवर पडून राहतो. त्यातले सहवीजनिर्मितीचे पान काढा. किती युनिटे विकली, काय दराने विकली, चिपाड किती रुपये टनाने धरले, हे तीन आकडे शोधा. घरात शिकलेली सून किंवा मुलगी असेल तर हे काम तिला सांगावे. कॉलेजच्या अभ्यासाइतके अवघड ते खचित नाही.

जुन्या करारात विजेला जो दर मिळे, तो आता नव्या करारात मिळत नाही. कारण सूर्य स्वस्त झाला आहे. सौर पट्ट्यांच्या किमती गेल्या पंधरा वर्षांत जगभर कोसळल्या आणि मोठ्या सौर प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळू लागली. चिपाडाची वीज तिच्यापुढे महाग ठरते. पण ती रात्रीही चालते, हे विसरून चालणार नाही. शिवाय आपल्याकडे ऋतूंचा मेळ चांगला बसतो. पावसाळ्यात भाटघर आणि वीर धरणांच्या पायथ्याशी पाण्यावर वीज होते, हिवाळ्यात गाळपाची आणि गाळप संपता संपता ऊन कडक होऊ लागते.

उन्हाच्या विजेचा खरा फायदा मात्र पैशात मोजण्यासारखा नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देण्याची योजना सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली. त्यामुळे बिलाचा प्रश्न तूर्त मागे पडला आहे. प्रश्न आहे तो वेळेचा. थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत आली, की काळोखात दारे धरायला जावे लागते. उसाच्या सरीत साप, ओल्या हातांनी हाताळलेला स्टार्टर, आणि आता पुणे जिल्ह्याच्या उसात बिबट्याही. गडी परत येईपर्यंत घरातल्या बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तिचे जागरण कोणत्याच बिलात येत नाही.

यासाठी दोन वाटा आहेत. ज्यांच्याकडे शेतीपंपाची वीजजोडणी आहे, त्यांच्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती २०१७ ला सुरू झाली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्याची वीज दिवसा शेतीच्या फीडरला द्यायची, अशी ती कल्पना. जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठेवली आहे. पडीक माळ असेल तर विचार जरूर करावा. बागायती रान यात घालणे मात्र आम्हाला पटत नाही.

ज्यांना जोडणीच नाही, त्यांच्यासाठी २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो.

पंप घेताना विहिरीची पातळी चैत्र-वैशाखातली सांगा, श्रावणातली नव्हे. उजनीच्या फुगवट्यावर पाणी मागे हटते तशी मोटार पुढे न्यावी लागते. तिथे पाइपाची लांबी आणि चढ दोन्ही आधी मोजून घ्यावेत. पट्ट्या उसाला खेटून कधीच उभारू नका. लागणीच्या वेळी मोकळे वाटणारे रान दहा महिन्यांत डोक्यावर जाते, आणि एका पट्टीच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी साऱ्या ओळीचा जोर घटतो. कारखान्याजवळ काजळी आणि पाचट जाळल्याची राख पट्ट्यांवर बसते. सकाळी पट्ट्या थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवाव्यात. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात आणखी एक धोका आहे. उन्हाला बिल नाही, म्हणून मोटार सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू राहते आणि विहीर मात्र माघातच तळ दाखवते. तिथे सौर पंपाबरोबर ठिबक हवेच. ढगाळ दिवसांसाठी शेततळे असल्यास उत्तम, आणि रोज किती तास उपसा करायचा ते बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यांनी बसून आधीच ठरवावे.