हिरडीतून रक्त येतंय? मग ब्रश थांबवू नका!

इगतपुरीतून बोलतोय. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय आमच्या घरातलाच आहे. तीन वर्षांपूर्वी आईने एका दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलं. म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप. गेल्या महिन्यात ती सहज बोलून गेली, "तिथे घासलं की रक्त येतं रे, म्हणून मी तिकडे ब्रशच नेत नाही. खोटा दात तो, त्याला कुठली कीड लागतेय!"

कीड लागत नाही, हे खरंच आहे. पण दात खोटा असला तरी हिरडी खरी असते ना!

होतं काय, तर दात आणि हिरडीच्या सांध्यावर जिवाणूंचा चिकट थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. तो निघाला नाही की शरीर लढायला उतरतं. तिथला रक्तपुरवठा वाढतो, हिरडी लाल होते, सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. म्हणजे बहुतेक वेळा रक्त येतं ते कमी घासल्यामुळे, जास्त घासल्यामुळे नाही.

याचा पुरावा १९६५ सालचा आहे. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड लो या संशोधकाने १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. नुसत्या हिरडीच्या सुजेला जिंजिव्हायटिस म्हणतात, आणि ती पूर्ण बरी होते. पण दुर्लक्ष केलं तर सूज खाली हाडापर्यंत जाते. तो पेरिओडॉन्टायटिस. त्यात झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही.

आता इम्प्लांटकडे येऊ. त्याच १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात पहिलं टायटॅनियम इम्प्लांट बसवलं. टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळतं, पण हिरडी त्याला तशी जुळत नाही. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात, जणू टाके घातलेत. इम्प्लांटभोवती ते तंतू शर्टाच्या कॉलरसारखे नुसते वेढून असतात. रक्तवाहिन्याही कमी असतात. त्यामुळे तिथली सूज हाडापर्यंत लवकर पोहोचू शकते. सूज हिरडीपुरती असेल तर ती पेरि-इम्प्लांट म्युकोसायटिस, हाड झिजायला लागलं की पेरि-इम्प्लांटायटिस. आणि बरेचदा हे दुखत नाही. इम्प्लांट हलायला लागेपर्यंत वाट पाहिली, तर उशीर झालेला असतो.

आपल्याकडे यात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि हिरड्यांना चोळायची. आमच्या आजीला वाटायचं, त्याने हिरड्या घट्ट होतात, रक्त थांबतं. रक्त कमी येतंही, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. पण आत हाड झिजतच राहतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर तशीच आहे, फक्त अलर्ट म्यूट केलाय! सिगारेटचंही तेच.

आईला नाशिकला दाखवलं. डॉक्टरांनी हिरडीची खोली बारीक प्रोबने मोजली, एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, सूज हिरडीपुरतीच होती. साफसफाई केली आणि आरशासमोर उभं करून ब्रश कसा फिरवायचा ते शिकवलं. इम्प्लांटभोवतीची सूज उतरायला तीन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून आई अजून रोज तपासतेय.

तुम्ही काय कराल? दिवसातून दोनदा मऊ ब्रश, हिरडीच्या कडेवर तिरका धरून. फटींसाठी फ्लॉस किंवा छोटा ब्रश. जुनं कीटण ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यायचं. नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, पू दिसला, हिरडी खाली सरकली किंवा दात हलला, तर लगेच दाखवा. घरात कुणाला इम्प्लांट असेल, तर दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणीला न्या.

आणि आज रात्री घरच्यांना एकच प्रश्न विचारा: "घासताना रक्त येतं का?" आमच्या आईने तीन वर्षांत आपणहून सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!