पंचाहत्तर वर्षांचे दप्तर

परळ-भोईवाड्याच्या दंडाधिकारी न्यायालयातून निर्दोष सुटलेला मनुष्य प्रकरण मिटले असे समजून घरी जातो. त्याच्या बोटांचे ठसे मात्र दिल्लीच्या दप्तरी उरलेले असू शकतात. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठसे, छायाचित्रे, बुबुळांच्या प्रतिमा, हस्ताक्षरसुद्धा ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली. विशीतल्या तरुणाला ही मुदत जन्मठेपेहून लांब!

पूर्वी कधी शिक्षा न झालेला मनुष्य सर्व अपिलांअंती निर्दोष ठरल्यास, न्यायालयाने लेखी कारणे देऊन अडविले नाही तर, नोंद नष्ट व्हावी, असे हाच कायदा सांगतो. परंतु त्यासाठी विनंती करावयाची ती नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. माहिती साठविण्याचा खर्च आज नगण्य. पुसण्याचा खर्च, म्हणजे खाडा आणि हेलपाटे, नागरिकाच्या माथी.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हेतू संपताच माहिती पुसण्याचे बंधन कंपन्यांवर घालतो, सरकारला मात्र त्यातून वगळतो. १९२० च्या ब्रिटिश कायद्यात अशा सुटलेल्या माणसाची छायाचित्रे, निगेटिव्हसह, नष्ट करावीत किंवा त्याच्याच हाती द्यावीत, असे म्हटले होते. हाती देण्याची ती गोष्ट २०२२ मध्ये गळाली.