जुना खंड रद्दीत घालू नका

'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अॅण्ड स्पीचेस' या मालिकेच्या एकाच खंडाच्या दोन-तीन आवृत्त्या जवळ बाळगणारा माणूस दिसला की आपलेच लोक त्याला हसतात. एकच पुस्तक तीनदा कशाला, पैसे जास्त झाले काय, असे विचारतात. चौथ्या खंडाच्या तीन प्रती माझ्याकडे आहेत, त्यामुळे हा प्रश्न मलाही चुकलेला नाही.

कोर्टात आम्ही मूळ दस्तऐवज मागतो. नक्कल चालते, पण मूळ का नाही याचे कारण द्यावे लागते. सातबाऱ्याच्या तुकड्यासाठी एवढी काळजी घेणारा आपला समाज बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या बाबतीत मात्र मिळेल ती प्रत प्रमाण मानून मोकळा होतो.

बाबासाहेब स्वतः प्रत्येक आवृत्तीवर पुन्हा हात फिरवीत. 'जातिनिर्मूलन' १९३६ साली निघाले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेले उत्तर आले. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' १९४० चे. १९४५ साली त्यात नवी प्रकरणे घालून त्यांनी ग्रंथाचे नावही बदलले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा इंग्रजी ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, पण बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना त्यात नव्हती! पत्नीविषयी कृतज्ञता व्यक्त करणारी ती प्रस्तावना भगवान दास यांनी १९८० साली प्रसिद्ध केली, तेव्हा लोकांसमोर आली. ज्याच्याकडे फक्त १९५७ ची प्रत आहे, त्याला ही प्रस्तावना ठाऊक नसणार. आणि ज्याच्याकडे फक्त नवी प्रत आहे, त्याला ती कधीकाळी वगळलेली होती हेच कळणार नाही. दुसरे अज्ञान मला जास्त घातक वाटते.

महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड आला. वसंत मून यांनी या कामासाठी आयुष्य वेचले. १९८७ साली चौथा खंड, म्हणजे 'रिडल्स इन हिंदुइझम', निघाला आणि त्यातील राम-कृष्णावरील परिशिष्टावरून वादळ उठले. ते परिशिष्ट काढून टाका, अशी मागणी झाली. १९८८ च्या सुरुवातीला आंबेडकरी जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे परिशिष्ट वाचले. मात्र त्यातील मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप पुढे त्याला जोडली गेली. वादाआधी विकली गेलेली १९८७ ची प्रत आणि टीप असलेली नंतरची प्रत शेजारी ठेवून पाहा. मजकूर तोच. पण मोर्चात लाठी-काठीची पर्वा न करता चाललेल्या माणसांनी काय राखले आणि सरकारने काय पदरात पाडून घेतले, हे त्या एका टिपेवरून दिसते. दुसरा पुरावा कशाला हवा?

२०१४ साली दिल्लीच्या डॉ. आंबेडकर फाउंडेशनने इंग्रजी खंड पुन्हा छापले, ही चांगली गोष्ट झाली. इकडे महाराष्ट्रात मात्र कागद घेऊनही छपाई रखडल्याची बातमी आली आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तिची स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारच्या भरवशावर राहू नये, यासाठी एवढे उदाहरण पुरे.

आता कायद्याचे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत कलम २४ प्रमाणे प्रकाशनापासून मोजतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' २०१७ अखेर खुला झाला, तर 'रिडल्स'ची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. खुले झालेले ग्रंथ आज कोणीही छापू शकतो. ही सोय गरीब वाचकाच्या फायद्याची आहे, तिला माझा विरोध नाही. पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर स्वस्तात मिळणाऱ्या पुस्तकावर, ते कोणत्या आवृत्तीवरून छापले, हे अनेकदा लिहिलेलेच नसते. मधला परिच्छेद गळला, तळटीप उडाली, तर ताडून पाहायला जुनी प्रत लागणार.

आणि नेमकी तीच प्रत रद्दीत जाते. जुना कार्यकर्ता वारतो, मुले फ्लॅटमध्ये राहायला जातात, पिवळे पडलेले खंड किलोवर विकले जातात. त्या प्रतीत समासात त्याने पेन्सिलीने केलेल्या खुणा असतात, अभ्यासवर्गाच्या तारखा असतात. बंधूंनो आणि भगिनींनो, घरात जागा नसेल तर तो खंड जवळच्या विहारात द्या. विहारातल्या मंडळींनीही, "हा आमच्याकडे आहे" असे म्हणून तो परत करू नये. आतले पान उघडून वर्ष आणि आवृत्ती पाहावी, वहीत नोंद करावी आणि तो कपाटात ठेवावा.