बॅगेचा टॅग वेगळा, तिकिटाचा करार वेगळा

पेपर स्वीकारला गेला, व्हिसा आला, आता परिषदेला निघायचं. या टप्प्यावर आपण स्लाइड्स दहा वेळा तपासतो, पण तिकिटं एकदाही नीट वाचत नाही. म्हणून आजची पोस्ट संशोधनावर नाही, संशोधन तिथपर्यंत पोचवण्यावर आहे.

माझ्या गावाकडचंच उदाहरण घेऊ. येलदरीहून, म्हणजे पूर्णा नदीवरच्या धरणाच्या गावाहून, तुम्हाला फ्रँकफर्टला जायचंय. एसटीने जिंतूर, तिथून मंठा-जालन्यामार्गे छत्रपती संभाजीनगर, विमानाने मुंबई आणि मग फ्रँकफर्ट. मुंबई ते फ्रँकफर्ट तिकीट निधी देणाऱ्या संस्थेने काढलं. संभाजीनगर ते मुंबई तुम्ही स्वतः काढलंत, स्वस्तात मिळालं म्हणून. आता संभाजीनगरला दिलेली बॅग थेट फ्रँकफर्टला मिळेल का?

इथे खरं तर दोन प्रश्न आहेत. बॅग कुठपर्यंत जाईल? आणि मधलं विमान चुकलं तर जबाबदार कोण? बहुतेक जण या दोन्हींचं एकच उत्तर गृहीत धरतात आणि तिथेच फसतात.

दुसरा प्रश्न आपल्याला एसटीमुळे आधीच माहीत आहे. जिंतूरची बस परभणीला उशिरा पोचली आणि देवगिरी एक्सप्रेस निघून गेली, तर रेल्वे तुमचं ऐकून घेत नाही. तिकिटं वेगळी, करार वेगळे. दोन्ही प्रवास रेल्वेचेच असतील तर मात्र १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे नियमांप्रमाणे परत मिळतात. पण ते आधी जोडावे लागतात, आपोआप जोडले जात नाहीत. विमानाचंही असंच आहे. एका तिकिटावर दोन्ही उड्डाणं असतील तर पुढच्या विमानात बसवून देणं हे कंपनीचं काम. दोन तिकिटं असतील तर दुसरी कंपनी तुम्हाला सरळ ‘आलाच नाही’ असं धरते.

आता बॅगेचं. ती दुसऱ्या कंपनीच्या विमानात परस्पर चढण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, दोन्ही कंपन्यांमध्ये सामान एकमेकांकडे सोपवण्याचा करार हवा. त्याला इंटरलाइन म्हणतात. स्वस्त विमान कंपन्यांकडे तो अनेकदा नसतो. दोन, करार असला तरी वेगवेगळ्या तिकिटांवर तसा टॅग लावायला पहिली कंपनी तयार हवी. अनेक कंपन्या नाही म्हणतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्तान्साही त्याच गटात आहे. पण गट एक आहे म्हणून तुमची दोन तिकिटं एक होत नाहीत.

उत्तर टॅगवर छापलेलं असतं. संभाजीनगर म्हणजे आयएक्सयू, मुंबई बीओएम, फ्रँकफर्ट एफआरए. टॅगवर शेवटचं ठिकाण बीओएम असेल तर बॅग मुंबईच्या पट्ट्यावर येणार, तुम्ही उचला किंवा उचलू नका.

पहिल्या वेळी मी टॅग वाचलाच नाही. बोर्डिंग पास मोबाइलवर होता, म्हणून मुंबईला उतरून सरळ आंतरराष्ट्रीय रांगेत जाऊन उभा राहिलो. पोस्टर बॅगेत होतं. सादरीकरणाच्या दिवशी माझ्या नावाचा फळा कोरा होता आणि मी त्याच्यापुढे उभा राहून लॅपटॉपवर आलेख दाखवत होतो. बॅग परिषद संपल्यावर मिळाली. चूक कुणाचीच नव्हती, माझी सोडून.

टॅगवर शेवटचं ठिकाण बरोबर असलं तरी काम संपत नाही. परतीच्या प्रवासात एकाच तिकिटावर टॅग संभाजीनगरपर्यंतचा असला, तरी साधारणपणे मुंबईला बॅग घेऊन कस्टममधून जावं लागतं आणि पुन्हा जमा करावी लागते. अमेरिकेत उतरतानाही पहिल्या विमानतळावर साधारण हेच. आणि परदेशात मध्येच बॅग उचलायची तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरता येईल असा व्हिसा लागतो. तो नसेल तर स्वस्त तिकिटाचा काही उपयोग नाही.

बॅग हरवली किंवा उशिरा आली तर १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारतात तो २००९ पासून अमलात आहे. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. तक्रार लेखी हवी: नुकसान झालं असेल तर सात दिवसांत, बॅग उशिरा आली असेल तर ती मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. बाहेर पडण्याआधी विमानतळावरच नोंद करा आणि टॅगची पावती जपून ठेवा.

मग करायचं काय?

शक्य असेल तर प्रवासखर्चाच्या अर्जातच संभाजीनगर ते फ्रँकफर्ट असं एकच तिकीट मागा आणि कारण लिहा: विमान चुकल्यास नवीन तिकिटाचा खर्च संस्थेवर येऊ नये म्हणून. हा मुद्दा लेखा विभागाला लगेच कळतो.

दोन तिकिटंच असतील तर मुंबईत भरपूर वेळ ठेवा, जमल्यास आदल्या दिवशीच पोचा. देशांतर्गत विमान टर्मिनल एकवर उतरलं तर टर्मिनल दोनला रस्त्याने जावं लागतं आणि बॅगा घेणं उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं. वजन कमी मर्यादेप्रमाणे भरा. देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच असतात, पुढच्या तिकिटावरचे २३ किलो इथे चालत नाहीत.

काउंटरवर पुढचं तिकीट दाखवून विचारा, ‘बॅग कुठपर्यंत?’ आणि उत्तर ऐकल्यावर टॅग स्वतः वाचा. पोस्टर, लॅपटॉप, डेटाची हार्ड डिस्क, औषधं आणि कपड्यांचा एक जोड मात्र हातातच. ते कुठल्याच टॅगच्या भरवशावर सोडू नका.