काडी पुरत नाही

संपादकांना ‘आयुका’तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रावर लेख हवा होता. पुणे विद्यापीठाच्या आवारातली, 1988 साली डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ही संस्था खगोलशास्त्राची. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या तिच्या परिसरात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन पुतळ्यांच्या रूपाने भेटतात. मुलांची मुक्तांगण विज्ञान शोधिका मात्र ‘पुलस्त्य’ नावाच्या छोट्या इमारतीत आहे. पुलंच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ती झाली. पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक, आणि नावाची सुरुवातच ‘पुल’! इतिहास एवढा पुरे. मी अडकलो तो बोटाच्या पेराहून लहान अशा रबराच्या तुकड्यात.

सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. तिचा तुकडा कापायचा, काडेपेटीतल्या काडीचा गुल ब्लेडने खरवडायचा आणि नळीच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसायची. सांधा तयार. तिसरी काडी हवी असेल तर नळीच्या मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं.

ही जोडणी अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरमधून अभियंता होऊन ते पुण्यात टेल्कोत ट्रक बनवत होते. 1978 साली रजा काढून ते होशंगाबादला गेले. तिथल्या सरकारी शाळांत पोरं हाताने प्रयोग करून विज्ञान शिकत होती. सुई नसली तर बाभळीचा काटा चाले. पुढे 2014 पर्यंत 11 वर्षं गुप्ता मुक्तांगणात होते.

मी गेलो त्या दिवशी एका शाळेची सातवीची मुलं आली होती. शिकवणाऱ्या ताईंनी सहा-सहा काड्या वाटल्या आणि म्हणाल्या, “चार त्रिकोण करा. सगळे सारखे.” पंधरा मिनिटं सगळे टेबलावर काड्या सरकवत राहिले. ताई गप्प. ते गप्प बसणं मला फार मोलाचं वाटलं. एवढा धीर मी वर्गात क्वचित पाहिलाय. शेवटी एका मुलीने तीन काड्यांचा त्रिकोण मांडला, उरलेल्या तीन वर उभ्या करून शेंडे एकत्र आणले आणि स्वतःच दचकली.

मग बारा काड्यांचा घन. तो हातात घेतला की कलंडतो, कारण रबर काडी धरून ठेवतं पण वाकूही देतं. चौकोन लगेच तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. जुन्या घराच्या छपराची कैची त्रिकोणांची का असते, विजेच्या मनोऱ्यात आडव्यातिडव्या पट्ट्या कशासाठी, हे मुलांच्या बोटांना तिथेच कळलं. एकाने चौकोनात तिरकी काडी बसवायला घेतली आणि ओरडला, “ताई, काडी पुरत नाही!”

“किती कमी पडते?”

त्याने पट्टी मागितली. एक काडी जेवढी, त्याच्या जवळपास दीडपट लांबी हवी होती. नेमकी दीडपट मात्र नाही. पायथागोरस असा गरज म्हणून येताना मी प्रथमच पाहिला. मुलांनी खराट्याच्या काड्या मापात कापल्या, घनाच्या सहा बाजूंना सहा तिरक्या बसवल्या, आणि घन ताठ उभा राहिला.

साडेतीनला बस निघून गेली. काळजी तिथूनच सुरू होते. साठ मुलांचा वर्ग आणि डोक्यावर परीक्षा असताना काडी कमी पडण्याची वाट बघायला शिक्षकांना कोण वेळ देतं? होशंगाबादचा कार्यक्रम 1972 साली 16 शाळांत सुरू झाला, शेकडो शाळांत पोचला, आणि 2002 साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. चांगलं काम आपोआप टिकत नाही. केंद्रातला एक दिवस ठिणगी पाडतो, पण तो घन घरी पोचला की केरात जायला एक सकाळ पुरते. आणि ती नळीही आता सहज मिळत नाही. गियरच्या नव्या सायकलींना मोटारीसारखे व्हॉल्व्ह असतात. मी तीन दुकानं फिरलो. चौथ्या दुकानातल्या काकांनी खणातून गुंडाळी काढली आणि विचारलं, “जुनी सायकल आहे का हो?”

गुंडाळी अजून मिळते आहे तोवर घेऊन ठेवा. येत्या रविवारी मुलांसोबत जमिनीवर बसा, सहा काड्या द्या, आणि उत्तर सांगू नका.