एकवीस अंकी संख्येचे दोन अवयव

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या वाचू लागलो की लाख, कोटी, अब्ज, खर्व करीत आपण परार्धाच्याही पुढे जातो. तयार करायला मात्र ती सोपी आहे. एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, अशी सदुसष्ट वेळा दुप्पट करायची आणि शेवटी एक वजा करायचा.

१६४४ साली मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने आपल्या ग्रंथात लिहिले की, ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ व ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. नाव मोठे, ग्रंथ लॅटिन भाषेतला. पुरावा मात्र दिलेला नव्हता! सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ हे विधान कोणाला खोडता आले नाही. १८७६ मध्ये लुकास या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ संख्या नसल्याचे दाखविले. गंमत अशी की, तिला कोणती संख्या भागते हे त्यालाही सांगता आले नाही.

ते सांगितले अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी, ऑक्टोबर १९०३ मध्ये, न्यूयॉर्कच्या गणितज्ञांच्या सभेत. असे सांगतात की, कोल एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेले. एका बाजूला दुपटीचा हिशेब मांडला, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार केला :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

दोन्ही उत्तरे एकच आली. कोल जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वेळ लागला, असे पुढे कोणी विचारले तेव्हा ‘तीन वर्षांचे रविवार’ असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. आम्हाला भावते ते हे की, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी खडू हाती घेतला.

वाटेल त्या संख्येने भागून पाहण्याची त्यांना गरज नव्हती. या संख्येच्या प्रत्येक अवयवाला १३४ ने, म्हणजे सदुसष्टच्या दुपटीने, भागले तर बाकी १ च उरते. त्यामुळे बहुतेक संख्या आपोआप गळतात. तरीही लहान अवयवापर्यंत १३४ च्या १४,४५,५८० उड्या होतात! म्हणून कोल यांनी आणखी चाळण्या लावल्या. आज संगणक हेच काम क्षणात करतो.

आता घरातल्या मुलांनी नवाचा ताळा पाहावा. पहिल्या अवयवातील अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, तीही १ वर येते. एकास एक गुणिले की एकच. मोठ्या संख्येची बेरीज १०९, तीही १. ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबरच असे नव्हे. न जुळता तर मात्र चूक नक्की होती. तेव्हा आडवा कागद घ्यावा आणि पुरा गुणाकार करावा. सातची पहिली ओळ आम्ही देऊन ठेवतो : १,३५,५९,५४,०४७. पुढच्या अकरा ओळी तुमच्या.