कुंड्या कोणी मोजल्या?

मोबाइलवर नुसतं 'बुधवारा' एवढंच लिहून शोध घेतला की सर्च इंजिनपुढे पहिला पेच उभा राहतो: कुठला बुधवारा? एक भोपाळच्या जुन्या शहरात आहे, दुसरा तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात. बुऱ्हाणपुरात इतवारा आणि शनवाराही आहेत. पुण्याची बुधवार पेठ आणखी वेगळी. विचारणाऱ्याने शहराचं नाव दिलेलं नसतं, तरी निमिषात उत्तर हजर होतं, कारण तुम्ही रावेरहून विचारताय की भोपाळहून, याचाही अंदाज यंत्राने घेतलेला असतो. गूगल सांगतं की रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध त्याच्याकडे पूर्वी कधीच आलेले नसतात. तरीही ते अडखळत नाही. वर्षानुवर्षं वापरूनही मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

खरं तर तुम्ही प्रश्न विचारण्याआधीच बहुतेक काम उरकलेलं असतं. सर्च इंजिनची यंत्रं वेबवरची पानं वाचत फिरतात आणि जाडजूड ग्रंथाच्या शेवटी असते तशी सूची करून ठेवतात: हा शब्द या या पानांवर आहे. फक्त या ग्रंथाला शेकडो अब्ज पानं आहेत. शब्द सापडणं त्यातल्या त्यात सोपं, पण कोणतं पान सर्वांत वर ठेवायचं? 1998 मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी त्यावर 'पेजरँक'ची युक्ती मांडली. ज्या पानाचा दाखला इतर पानं देतात ते वजनदार, आणि दाखला देणारं पान स्वतः जितकं वजनदार तितकी त्याच्या दाखल्याला किंमत जास्त. पुढे त्यात असंख्य गोष्टींची भर पडली. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात 2023 मध्ये गूगलचे पांडू नायक यांनी साक्ष दिली, तेव्हा 'नॅवबूस्ट' नावाच्या यंत्रणेची माहिती उघड झाली. गेल्या 13 महिन्यांत लोकांनी कोणत्या निकालावर क्लिक केलं, याची नोंद ती वापरते. डिसेंबर 2019 मध्ये 'बर्ट' हे भाषा समजणारं मॉडेल मराठीसह 70 हून अधिक भाषांतल्या शोधासाठी कामाला लागलं. 'बुऱ्हाणपूरहून रावेरला' आणि 'रावेरहून बुऱ्हाणपूरला' या दोन शोधांत गावं तीच, प्रत्यय तेच, पण गाडी उलट्या दिशेची. तो फरक ओळखणं हे अशा मॉडेलचं काम.

एवढी यंत्रणा उभी राहिली आणि 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं. लेख लिहिण्याचा खर्च जवळपास शून्यावर गेला. वेबसाइट चालवणारे तेव्हापासून एकच प्रश्न विचारताहेत: एआयकडून लेख लिहून घेतले तर साइट वर चढेल की मार खाईल?

लेख कोणी लिहिला याचं सर्च इंजिनला फारसं सोयरसुतक नाही, हे त्याचं उत्तर. गूगलने 8 फेब्रुवारी 2023 ला तसं लेखी सांगितलं: आम्ही दर्जा पाहतो, मजकूर कसा तयार झाला ते नाही. एचरेफ्स या कंपनीने 2025 मध्ये 6 लाख पानं तपासली. पानात एआयचा मजकूर किती आणि पान कितव्या क्रमांकावर, यांचा संबंध निघाला 0.011, म्हणजे नसल्यातच जमा. अर्थात 'एआयचा मजकूर किती' हे ठरवलं तेही यंत्रानेच, आणि ती ओळख पक्की नसते. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने 2023 च्या जानेवारीत एआयचं लिखाण पकडणारं साधन आणलं होतं. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम 26 टक्के ते पकडू शकलं, आणि जुलैत ते गुपचूप मागे घेतलं गेलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच त्याचं अक्षर ओळखता येईना!

मग साइट्स घसरतात कशाने? त्यासाठी बुऱ्हाणपुरातल्या जमिनीखाली उतरावं लागेल.

बुऱ्हाणपूर मराठी वाचकाला ठाऊक असतं ते संभाजी महाराजांच्या 1681 च्या स्वारीमुळे, नाहीतर 1631 मध्ये मुमताजमहल तिथे वारली म्हणून. पण शहराचं खरं आश्चर्य आहे कुंडी भंडारा, ज्याला खूनी भंडाराही म्हणतात. 1615 च्या सुमारास, जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत ही पाणीयोजना झाली. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत असतं. ते वाटेतच अडवण्यासाठी विहिरींसारख्या कुंड्यांची रांग खोदली आणि खालून भुयाराने त्या एकमेकींना जोडल्या. ना मोट, ना पंप. नुसत्या उतारावर पाणी जाली कारंजा नावाच्या हौदापर्यंत वाहत येतं आणि तिथून शहरात. चारशे वर्षांत भुयाराच्या भिंतींवर चुन्याची पुटं चढली आहेत. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या योजनेचं नाव गेलं.

आता कुंड्या किती? कुठे 101 वाचायला मिळतात, कुठे 103, कुठे 108. एआयला लेख लिहायला सांगा, तो यातला एखादा आकडा बेधडक लिहील. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, हे पाहत वाक्य विणतं. त्यामुळे जो आकडा जास्त वेळा छापून आला तो त्याला खरा वाटतो, म्हणजे 'वाटतो' हा शब्दही आपला, त्याचा नाही. ताजमहाल आधी बुऱ्हाणपुरातच बांधायचा होता, ही ऐकीव गोष्टही अशीच. ती इतक्या पानांवर आहे की यंत्र ती इतिहास म्हणून सांगून मोकळं होतं. शंभर साइट्सनी शंभर लेख लिहून घेतले तरी कुंडी भंडाऱ्याविषयीची आपली माहिती एका कुंडीनेही वाढत नाही.

नेमकी हीच गोष्ट सर्च इंजिनला छळते. नकला ओळखण्याची त्याची जुनी युक्ती मोठी देखणी आहे. गुरमीत सिंग मनकू, अरविंद जैन आणि अनीश दास सर्मा यांनी 2007 मध्ये गूगलमधलं काम प्रसिद्ध केलं. अख्ख्या पानाचा एक ठसा काढायचा, फक्त 64 बिट्सचा, म्हणजे 64 वेळा शून्य किंवा एक. दोन पानांच्या ठशांत तीनपर्यंत बिट्सचाच फरक असेल तर ती पानं जवळजवळ जुळी. 8 अब्ज पानांच्या ढिगाऱ्यात ही तुलना चालते, असं त्यांनी दाखवलं. एआयने ही युक्तीच निकामी केली. तो वाक्य न वाक्य बदलून लिहितो, त्यामुळे ठसा वेगळा येतो आणि आत माल मात्र तोच.

म्हणून गूगलने नियमच वेगळ्या टोकाने बांधला. 5 मार्च 2024 ला, म्हणजे कुंडी भंडारा युनेस्कोच्या यादीत गेला त्याच महिन्यात, रँकिंगमध्ये मोठा बदल जाहीर झाला. वाचकाच्या उपयोगाचं काही न देता केवळ क्रमवारीत चढण्यासाठी घाऊक पानं पाडणं हा स्पॅम ठरला, मग ती पानं यंत्राने पाडोत, माणसाने पाडोत की दोघांनी मिळून. त्यानंतर निकालांतला निकृष्ट, उसना मजकूर 45 टक्क्यांनी घटल्याचा दावा गूगलने केला. आकडा त्यांचा, तपासणीही त्यांचीच, हे लक्षात ठेवलेलं बरं.

घाऊक म्हणजे किती, तेही पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये एका मार्केटिंगवाल्याने जाहीरपणे फुशारकी मारली होती. प्रतिस्पर्धी साइटच्या पानांची यादी उचलली, त्यातून शीर्षकं बनवली, एआयकडून सुमारे 1,800 लेख लिहून घेतले आणि 36 लाखांची वाचकसंख्या 'चोरली', असं त्याचं म्हणणं. काही काळ हे खरोखर चाललं. गाजावाजा झाल्यावर मात्र एआयचे लेख टाकलेली ती साइट धाडकन खाली आली. एआयचे लेख वर जातच नाहीत, असं म्हणणारे म्हणूनच अर्धंच सांगतात. जातात, पण टिकतात की नाही हा वेगळा प्रश्न.

जुलै 2024 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला एक प्रयोग तर अंगावर काटा आणणारा आहे. इलिया शुमायलोव्ह आणि सहकाऱ्यांनी एका मॉडेलने लिहिलेला मजकूर पुढच्या मॉडेलला शिकायला दिला, त्याचा त्याच्या पुढच्याला, असं पिढ्यान्‌पिढ्या. सुरुवातीचा विषय होता चर्चच्या मध्ययुगीन मनोऱ्यांचा. नवव्या पिढीत उत्तर आलं ते काळ्या शेपटीच्या, पांढऱ्या शेपटीच्या, निळ्या शेपटीच्या सशांची यादी! यात सर्वांत आधी पुसलं जातं ते दुर्मीळ, क्वचित नोंदलेलं.

वेबवर निम्म्याच्या आसपास मजकूर इंग्रजीत आहे, मराठीचा वाटा नगण्य. त्यात बुऱ्हाणपूरच्या एका मोहल्ल्याविषयी मराठीत लिहिलेलं किती असणार? जिथे मूळ पानं मूठभर, तिथे नकलांचा पूर यायला एक दुपार पुरते. पण त्याच कारणाने तिथे एक खरं पान वर यायलाही फार स्पर्धा नसते. गूगलने डिसेंबर 2022 मध्ये दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठीच्या निकषांत 'अनुभव' हा निकष जोडला: लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली, वापरली आहे का? त्या तपासनिसांच्या गुणांनी एखादं पान थेट वरखाली होत नाही, पण क्रम लावणारी यंत्रणा नीट चालते का हे त्यांवरून जोखलं जातं.

तेव्हा बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या, लालबागेतल्या, नाहीतर रावेर-मुक्ताईनगरच्या कोणी तरी एकदा सातपुड्याच्या बाजूने चालत निघावं आणि कुंड्या मोजाव्यात. कोणती धरली, कोणती सोडली आणि का, ते लिहावं. तारीख घालावी, फोटो जोडावेत, आणि मराठीत लिहावं. शुद्धलेखन तपासायला एआयची मदत घेतली तरी हरकत नाही, गूगलच्या नियमांत त्याला मनाई नाही.